युरियाची थंड बादली आणि वहीतलं वाक्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी भातावर फवारायला युरिया भिजवत होतो. पाच-सहा लिटर पाण्यात दोन किलो टाकून काठीनं ढवळला आणि बादलीला बाहेरून दव सुटलं. पुतणी पीयूसीला (अकरावी-बारावी) सायन्सला आहे. बादलीला हात लावून म्हणाली, "काका, वहीप्रमाणं ही तापायला हवी होती की!"

वहीत तिच्या ट्युशनमध्ये लिहून दिलंय : बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते. हे साफ उलटं आहे. बंध म्हणजे अणूंमधली जोड; ती तोडायला ऊर्जा घालावी लागते, जुळताना ऊर्जा मिळते. युरियाचे कण सुटे करायला लागलेली उष्णता पाण्यातूनच गेली, म्हणून बादली गार.

मग पोत्यावर बसून अमोनियाचा हिशेब केला, कारण युरिया त्याचाच, आणि तो नायट्रोजन-हायड्रोजन जुळून होतो. नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडायला एका मोलमागं (रेणू मोजायचं माप) 945 किलोज्यूल, हायड्रोजनचे तीन बंध प्रत्येकी 436, एकूण 2253. अमोनियाच्या दोन रेणूंचे मिळून सहा बंध जुळताना प्रत्येकी 391 प्रमाणे 2346 परत. म्हणजे 93 शिल्लक, तीच उष्णता. पोरगी लगेच म्हणाली, "उष्णता सुटते तर कारखान्यात 400-500 अंश कशाला?" प्रश्न खणखणीत होता. थंडीत तो तिहेरी बंध हलतच नाही. लोखंडाचा उत्प्रेरक (क्रियेला वेग देणारा पदार्थ) असला तरी त्याला ताप लागतो. फार तापवलं तर झालेला अमोनिया पुन्हा फुटतो. म्हणून मधलं तापमान आणि हवेच्या दीड-दोनशे पट दाब. तरीही एका फेरीत जेमतेम 15 टक्के वायूचा अमोनिया होतो, उरलेला परत फिरवतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबरनं हे 1909 मध्ये दाखवलं, बॉशनं 1913 मध्ये जर्मनीतल्या ओपाऊला कारखाना चालवला.

नायट्रोजन हवेतला, फुकटचा. हायड्रोजन मात्र नैसर्गिक वायूतून काढावा लागतो, आणि खरी ऊर्जा तिथं जाते. गॅस महागला की युरियाचं अनुदान फुगतं ते यामुळं.

दहावीपर्यंत मराठीत शिकलेली आमची पोरं पीयूसीला गेली की सगळं एकदम इंग्रजीत येतं आणि ती पाठांतरावर उतरतात. रविवारच्या पुरवणीत त्यांच्यासाठी मराठीतून रसायनशास्त्राचा अर्धा रकाना द्याल का?

वहीतलं ते वाक्य पुतणीनं अजून खोडलेलं नाही. चाचणीत सर तेच बरोबर धरतील, म्हणते.

आपला,
एक शेतकरी वाचक, कडोली (ता. बेळगाव)