‘चालणार नाही’ म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विंडोज १० ला नियमित सुरक्षा अपडेट मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले आणि ‘तुमचा संगणक विंडोज ११ ला चालणार नाही’ हे वाक्य आमच्या मुलुंडमधील सोसायटीत घरोघरी ऐकू येऊ लागले. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत मायक्रोसॉफ्टने जाहीर केली, ही गोष्ट मात्र दुरुस्तीला येणारे सहसा सांगत नाहीत.

माझ्या घरचा संगणक २०१९ सालचा, आय३-८१०० प्रोसेसर आणि ८ जीबी रॅमचा. विंडोज ११ च्या ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या अटी तो सहज पुऱ्या करतो. तरीही ‘टीपीएम २.०’ सापडत नाही, असा शेरा तपासणीत आला आणि तंत्रज्ञाने नव्या यंत्राचा भाव सांगून टाकला. टीपीएम म्हणजे संगणकातील माहितीच्या कुलपाच्या सांकेतिक किल्ल्या जपणारी सुरक्षा व्यवस्था. ती वेगळ्या चिपमध्येच असते असे नाही, बऱ्याच प्रोसेसरांत अंगभूत असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असू शकते. संगणक सुरू होताना डिलीट कळ दाबून मी बायोस उघडले, तर ‘पीटीटी’ या नावापुढे (इंटेलच्या प्रोसेसरातील अंगभूत टीपीएमचे हे नाव) ‘डिसेबल्ड’ असे सरळ लिहिलेले होते. ते बदलले, बॅकअप घेऊन डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीवरून जीपीटी या नव्या पद्धतीवर नेली, यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासार्ह प्रणालीच चालू देणारी सोय) चालू केले. खर्च शून्य, वेळ एका दुपारचा.

सोसायटीच्या कार्यालयातील संगणकाचे दुखणे मात्र निराळे आहे. त्यातला आय५-७४०० सातव्या पिढीचा असून, एखाददुसरा अपवाद सोडता, इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर अधिकृत यादीत आहेत. चार कोअर (प्रोसेसरमधील काम करणारे भाग) याला आणि चारच माझ्या आठव्या पिढीच्या आय३ला, तरी एक आत आणि एक बाहेर! नुसता प्रोसेसर बदलावा म्हटले, तर आठव्या पिढीसाठी मदरबोर्डही (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) नवा लागतो, म्हणजे निम्मा संगणकच बदलला.

पहिल्या प्रकारात सेटिंग बदलून भागते, दुसऱ्यात भागत नाही, आणि ग्राहकाला ऐकू येते ते मात्र दोन्हीकडे एकच वाक्य. म्हणून मुंबईतील संगणकबाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडपासून गल्लीतल्या दुकानापर्यंत प्रत्येक विक्रेत्याने व दुरुस्ती करणाऱ्याने यंत्र नेमक्या कोणत्या अटीत अडले, हे लेखी द्यावे आणि बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहावा, अशी माझी सूचना आहे. आमच्या सोसायटीच्या २०१७ च्या बिलावर ‘आय-फाइव्ह संगणक, १ नग’ एवढेच आहे. पिढी सांगणारा, ७४०० मधला सातचा आकडा शोधायला आम्हांला यंत्रच उघडून पाहावे लागले.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई