गवंड्याची हत्यारं आणि बंधुत्व

लंडन

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फ्रीमेसन म्हणजे नेमके कोण, असं तुम्ही पत्रात विचारलंत. एकमेकांना बंधू मानून सचोटीने वागायचं, अशी शपथ घेणाऱ्यांची ही एक जुनी संघटना. इथे ग्रेट क्वीन स्ट्रीटवर त्यांचा फ्रीमेसन्स हॉल आहे. तिथलं संग्रहालय कुणालाही पाहता येतं. मी ते निवांत पाहून आले, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

त्यांच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात. लंडनमधल्या चार लॉजनी 1717 साली मिळून पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजची वरची संस्था, स्थापलं, असं परंपरेने मानतात. त्यांच्या खुणा बहुतेक गवंड्याच्या हत्यारांच्या. काटकोन तपासायचा गुण्या म्हणजे सचोटी, उभी रेषा तपासायचा ओळंबा म्हणजे सरळ वागणूक, सपाटी तपासायची पाणसळ म्हणजे समता. लॉजमध्ये दोन दगड ठेवलेले असतात, एक अनघड आणि एक घडीव. अनघड दगड म्हणजे आपण, घडवायचंही आपणच.

मला सर्वांत भिडला तो दीक्षाविधी. नव्या माणसाला आत नेण्याआधी त्याच्याजवळची नाणी, दागिने, धातूचं जे असेल ते काढून ठेवतात. मग भर सभेत त्याच्याकडे गरजूंसाठी दान मागतात. त्याच्यापाशी द्यायला काहीच नसतं. तेव्हा त्याला सांगतात, पुढे कधी अडचणीतला बंधू भेटला तर ही घडी आठव. श्रीमंत असो वा गरीब, प्रत्येकाला त्या जागी रिकाम्या हाताने उभं राहावं लागतं. मला हे फार मोलाचं वाटतं. ईश्वरावर श्रद्धा हवी, पण शपथ ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथावर घ्यायची. लॉजमध्ये धर्म आणि राजकारणावर वाद घालायला मनाई.

पण ही समता सगळ्यांना सहज मिळाली नाही. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईच्या लॉजने घेतलं नाही. त्यांना दीक्षा मिळाली ती पॅरिसमध्ये. पुढे 1843 साली डॉ. जेम्स बर्न्स यांनी मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढलं आणि भारतीयांना दार उघडलं. बॉस्टनच्या कृष्णवर्णीय प्रिन्स हॉल यांनीही 1784 साली आपल्या लॉजची सनद थेट लंडनहून मिळवली. मला माणेकजी आणि प्रिन्स हॉल या दोघांबद्दल विशेष आदर वाटतो. नाकारलं गेलं तरी त्यांनी बंधुत्वाचा शब्द खरा मानला आणि तो पाळायला लावला.

स्त्रियांना मात्र इथल्या मुख्य ग्रँड लॉजमध्ये आजही प्रवेश नाही. त्यांची लॉज वेगळी आहेत. एवढं सारं आवडूनही हे मला पटत नाही, बाबा. तुमचं मत जरूर कळवा.

आईला नमस्कार.

तुमची लेक