सईची शाळा, पँटो आणि लसणाचा वाफा

वॉल्थमस्टो, लंडन
डिसेंबर

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारत होतात की ही पोरं नाटकाला जातात, माती उकरतात, मग अभ्यास कधी करतात? तेव्हा सईने फोन हिसकावला म्हणून राहिलं, आता सगळं नीट लिहिते.

अभ्यास असतो हो. पुस्तकं घरी येत नाहीत म्हणून तुम्हाला दिसत नाही एवढंच. सई आता इयर टू मध्ये आहे, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलांचा वर्ग. गेल्या वर्षी त्यांची फोनिक्सची, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचण्याची, तपासणी झाली, ४० शब्द वाचायचे आणि त्यातले निम्मे शब्द चक्क खोटे, काही अर्थच नसलेले, शेजारी एक परग्रहावरचा प्राणी काढलेला. म्हणजे पोर पाठ केलेलं म्हणतंय की खरंच अक्षर जोडून वाचतंय ते लगेच कळतं. तुम्ही बाराखडी उलटी विचारायचात ना, त्याचीच ही गोरी आवृत्ती. पाढे मात्र १२ पर्यंतच, त्याची परीक्षा इयर फोर मध्ये, कॉम्प्युटरवर २५ प्रश्न आणि एकेकाला ६ सेकंद. पावकी-निमकीवाल्या माणसाने हसू नये, प्लीज.

आता नाटक. इथे ख्रिसमसच्या आसपास पँटोमाइम असतं, सगळे पँटोच म्हणतात, आणि मूकनाट्याशी त्याचा काही संबंध नाही, उलट इतका आरडाओरडा मी कुठल्या थिएटरात ऐकला नाहीये. सईच्या वर्गाबरोबर मी हेल्पर म्हणून गेले होते, साधारण सहा मुलांमागे एक मोठं माणूस, मुलांच्या अंगात ती पिवळी चमकणारी जॅकिटं, दोन-दोनच्या जोडीने हात धरून स्टेशनपर्यंत. ओव्हरग्राउंड ट्रेनने हॅकनी डाउन्स आणि तिथून चालत हॅकनी एम्पायर थिएटर. शाळेच्या ग्रुपला गर्दीची वेळ टाळली की प्रवास फुकट. तिकिटाचे पैसे शाळा मागते पण सक्ती करता येत नाही, शाळेच्या वेळातल्या ट्रिपला पालकांनी ऐच्छिक रक्कम द्यायची, नाही दिली तरी पोराला मागे ठेवायचं नाही, पुरेसे जमलेच नाहीत तर सगळी ट्रिपच रद्द. मला हे फार आवडलं. सहलीचे पैसे नाहीत म्हणून त्या दिवशी घरी बसणारी आपल्या वर्गातली पोरं आठवली. बाबा, तुम्ही गुपचूप एकदोघांचे भरायचात, आईला माहिती होतं बरं का.

थिएटर १९०१ चं, फ्रँक मॅचम नावाच्या माणसाने बांधलेलं, आतून सगळा लाल-सोनेरी थाट. मध्ये किती वर्षं तिथे बिंगो चालायचा म्हणे! चार्ली चॅप्लिनही तिथे काम करून गेलाय. पोरांना त्याचं काही नाही, त्यांचं लक्ष मध्यंतरातल्या आइस्क्रीमवर, त्याच्या झाकणातच चमचा असतो.

आणि आई, तुला सांगते, पडदा उघडला आणि डेम आली. डेम म्हणजे दणकट पुरुष, भडक झगा, ही मोठी छाती, लिपस्टिक, आणि पहिल्या रांगेतल्या एका बिचाऱ्या बाबाला "माझा नवरा" म्हणून नाटकभर छळणार. ही तर आपली गवळणीतली मावशी! तंतोतंत. यात्रेत तुम्ही दोघं आम्हाला गण-गवळण झाली की उठवून घरी आणायचात, वगापर्यंत थांबू द्यायचा नाहीत, पण मावशी बघितलेली आहे ना मी. इथेही मोठ्यांसाठीचे चावट विनोद पोरांच्या डोक्यावरून जातात, सरांना हसू आवरत नव्हतं. खलनायक कायम आपल्या, म्हणजे प्रेक्षकांच्या, उजव्या हाताने येतो आणि चांगली परी डाव्या, जुना रिवाज आहे. तो आला की सगळ्यांनी बूऽऽ करायचं, भूत नटाच्या मागे उभं राहिलं की "इट्स बिहाइंड यू", म्हणजे तुझ्या मागे आहे, असं ओरडायचं. वर्गात तोंड न उघडणारा माझ्या ग्रुपमधला एक मुलगा, नाव नाही लिहीत, तो खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. सरांनी बसवलं नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी वर्गात तेच लिहायला दिलं, खलनायकाला पत्र. सईने पान भरलं, स्पेलिंगचा आनंद आहे पण भरलं.

शाळेच्या बागेचं सांगायचं तर ती म्हणजे लाकडी चौकटींचे चार-पाच वाफे, मागच्या कुंपणाजवळ. तुमचा कार्यानुभवाचा तास आठवतो. फक्त इथलं गणित उलटं आहे. आपल्याकडे शाळा आणि पाऊस दोन्ही जूनला सुरू, त्यामुळे परसबाग आपोआप फोफावते आणि वांगी-टोमॅटो खिचडीच्या पातेल्यात जातात. इथे जुलैच्या शेवटी सुट्टी लागते ती सप्टेंबरपर्यंत, नेमका टोमॅटो लाल व्हायला लागतो तेव्हा शाळेला कुलूप. म्हणून जुलैच्या आत हाताशी येईल तेच लावतात: लवकरचे बटाटे, वाटाणा, मुळे, ब्रॉड बीन्स. लसूण ऑक्टोबरातच लावून झाला. त्याला थंडी लागते, नाहीतर पाकळ्याच सुटत नाहीत, नुसता एक गोळा होतो. सध्या हिरवे कोंब वर आलेत आणि सकाळी त्यावर दहिवर गोठलेलं असतं. लहान वर्गांना रोज एक फळ सरकारकडून मिळतं, त्याची सालं कंपोस्टच्या डब्यात, ते टाकायला जायचा नंबर लागावा म्हणून भांडणं.

बाईंना मी मेथी सुचवलीये, मे महिन्यात पेरू, महिन्याभरात जुडी तयार. पण बाबा, बिया पाठवू नका पोस्टाने, भारतातून बियाणं आणायला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचा दाखला, लागतं, नाहीतर अडवतात. इथल्या दुकानातले फोडणीचे मेथीदाणे उगवतात, कुंडीत करून बघितलंय. तुम्ही फक्त एवढं सांगा, दाणे रात्रभर भिजवून पेरायचे का तसेच फोकायचे, आणि गोगलगाईंवर काय उपाय? इथे पाऊस पडला की एका रात्रीत कोवळं सगळं फस्त करतात, आणि शाळेत औषध मारायचं नाही म्हणतात. तुमच्या उत्तराचा फोटो काढून बाईंना दाखवणार आहे, तेव्हा अक्षर चांगलं काढा.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते लिहा.

तुमची,
मनू