पेरभर मलम

प्रिय सिस्टर,

त्वचारोग विभागात तुम्ही माझ्या तर्जनीवर मलमाची रेघ काढलीत, टोकापासून पहिल्या पेरापर्यंत. "हे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. तुम्ही किती लावत होता?" मी दाखवलं. टाचणीच्या डोक्याएवढं.

लेक तेव्हा चार वर्षांची. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत इसब, रात्रभर खाजवणं, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. स्टेरॉइड म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. चट्टे जरा फिके पडले की ट्यूब कपाटात, आठवड्याभरात सगळं पुन्हा लाल.

तुम्ही माझी भीती उडवून लावली नाहीत, याचं मोल मला फार आहे. जोरकस स्टेरॉइड मनानं फार दिवस लावलं तर त्वचा पातळ होऊ शकते, हे तुम्हीच सांगितलंत. पण डॉक्टरांनी ताकद आणि दिवस ठरवून दिलेले असताना कमी लावलं, तर इसब आत धुमसतच राहतो. लाली गेली तरी बोटाला खरखर लागतेय, तोवर थांबायचं नाही, हेही तुम्हीच माझा हात धरून तिच्या कोपरावर फिरवत शिकवलंत.

मग मी विचारलं, माझं काय चुकलं? तुम्ही खुर्ची ओढून बसलात. काहींच्या त्वचेत फिलाग्रिन हे प्रथिन जन्मतःच कमी बनतं, त्वचेत पाणी टिकत नाही, म्हणालात. त्या दिवशी मी घरी येऊन पहिल्यांदा मोकळी रडले.

आता कोमट पाण्यात झटपट अंघोळ, अंग टिपायचं, ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. चट्टे नसले तरी रोज. अचानक दुखरे फोड आले, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, हे फ्रिजवर लिहून ठेवलंय.

आणि माझे हात! भेगाळलेले, मी पदराखाली लपवलेले. "तुमचाही इसबच दिसतोय, डॉक्टरांना दाखवा," म्हणालात. इतकी वर्षं तो साबणाचा त्रास म्हणून मी सोसत होते.

पुढच्या तपासणीला तुम्ही ड्युटीवर असाल, तर लेक तुमच्यासमोर बोट धरणार आहे. पेर कुठे संपतं ते तिला आता अचूक दाखवता येतं.

तुमची ऋणी,
एक आई