वॅट बघून अँप्लिफायर घेऊ नका, आधी स्पीकर बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळी खरेदीचं जे पान होतं त्यात घरच्या म्युझिक सिस्टीमबद्दल लिहिलंय की जेवढे वॅट जास्त तेवढा आवाज चांगला, बजेट असेल तर जास्त वॅटचाच अँप्लिफायर घ्या. ते वाचलं आणि राहवलं नाही, कारण ह्याच समजुतीपायी माझा महागाचा एक ट्वीटर (स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भोंगा) जळालाय आणि अजून चार जणांचा जळू नये असं मनापासून वाटतं.

माझं उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. गाण्याचा नाद वडिलांकडून आला, ते आमच्या कोल्हापूरच्या देवल क्लबात गाणं ऐकायला जाऊन बसायचे आणि मलाही न्यायचे. पोरांची शिक्षणं झाल्यावर मनात होतं ते केलं, मोठ्या शहरातल्या एका शोरूममधनं तीन लाख चाळीस हजारांची उभ्या स्पीकरची जोडी घेतली आणि तिथल्याच माणसाने हा १०० वॅटचा आहे, डोळे झाकून न्या म्हणून होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे आत अँप्लिफायर असलेला डबा, गळ्यात मारला. शोरूममध्ये ते स्पीकर वाजत होते भलत्याच अँप्लिफायरवर, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

घरी आणून लावलं तर आलापीपर्यंत ठीक, पण तबला सुरू होऊन आवाज जरा वर नेला की सगळं करकरीत व्हायचं, रिसीव्हरचं झाकण हात ठेवता येणार नाही इतकं तापायचं, आणि मधेच प्रोटेक्शन पडून बंद. दोन महिन्यांनी उजव्या बाजूचा ट्वीटर मुका झाला. मी तो उघडला आणि जळलेल्या वार्निशचा वास आला, जो मी रोज दुकानात घेतो. कॉइल जळालेली. मग दोन्हीचे कागद काढून बसलो. ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो तो आकडा, ओहम कमी तेवढा करंट जास्त ओढला जातो. स्पीकरच्या कागदावर नॉमिनल (सरासरी धरलेला) ६ ओहम, मिनिमम ३ ओहम, आणि रिसीव्हरच्या मागे बारीक अक्षरात ६ ते १६ ओहमचेच स्पीकर लावा असं. म्हणजे पहिल्या दिवसापासून जोडी चुकीची होती आणि विकणाऱ्याने एकदाही हे दोन आकडे शेजारी ठेवून बघितले नव्हते.

ह्यात अवघड असं काही नाही. ८ ओहमला १०० वॅट द्यायला साधारण २८ व्होल्ट लागतात, करंट साडेतीन अँपियर. तोच व्होल्टेज ३ ओहमवर टाका, करंट नऊ अँपियरच्या वर जातो. एवढा करंट द्यायला आत ट्रान्सफॉर्मर दमदार पाहिजे, तो नसला की अँप्लिफायरचा दम संपतो आणि आवाजाची लाट वरनं कापल्यासारखी चपटी होते, त्यालाच क्लिपिंग म्हणतात. त्या कापलेल्या लाटेतनं जे जादाचे वरचे सूर तयार होतात ते सगळे जाऊन ट्वीटरच्या केसासारख्या बारीक कॉइलवर पडतात. म्हणून नुसत्या दमदार अँप्लिफायरनेच नाही, कमी दमाचा अँप्लिफायर जोरात वाजवल्यानेही ट्वीटर जळतात, हे लोकांना सांगितलं तर पटत नाही पण खरं आहे. आपल्याकडचा ऊस लावणारा शेतकरी नुसता पाच एचपी बघून पंप घेत नाही, विहीर किती खोल, पाणी किती उंच चढवायचं, पाइप किती इंची हे आधी विचारतो. स्पीकरच्या बाबतीत मात्र डॉल्बीच्या भिंती बघून बघून आपल्या डोक्यात वॅट हा एकच आकडा बसलाय.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल येतात तो. ३ डेसिबल कमी असले की तेवढ्याच आवाजाला दुप्पट पॉवर लागते. बीबीसीने सत्तरच्या दशकात काढलेला छोटा एलएस३/५ए स्पीकर ८३ च्या आसपास आहे, अमेरिकेतला १९४६ चा क्लिप्शहॉर्न १०० च्या वर. फरक १७ डेसिबल धरला तरी एकाला दुसऱ्याच्या पन्नासपट पॉवर पाहिजे! क्लिप्शहॉर्नला आठ वॅटचा वाल्व्हचा (जुन्या काचेच्या नळ्यांचा) अँप्लिफायर घरात भरपूर होतो, तोच त्या छोट्या स्पीकरला लावला तर लगेच धाप लागेल. आणि उलटंही आहे. इंग्लंडच्या क्वाड कंपनीने १९५७ मध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक (कॉइलऐवजी विजेच्या भाराने पातळ पडदा हलवणारा) स्पीकर काढला तो त्यांच्याच १५ वॅटच्या वाल्व्ह अँप्लिफायरवर गोड वाजायचा, पुढे त्याच कंपनीचा १०० वॅटचा अँप्लिफायर आला तेव्हा ह्या स्पीकरसाठी त्याच्यावर लिमिटर (ठरावीक हद्दीच्या वर पॉवर जाऊ न देणारा भाग) बसवावा लागायचा, नाहीतर स्पीकर खराब व्हायची भीती. त्यामुळे आकडा मोठा की छोटा ह्याला अर्थ नाही, कोणाशी जोडी लावताय ते बघा.

आता माझ्याकडे ८ ओहमला ६० वॅट आणि ४ ओहमला ११० वॅट देणारा साधा स्टिरिओ अँप्लिफायर आहे, कागदावर जुन्यापेक्षा कमी पण वजनाला दुपटीच्या वर, आत ट्रान्सफॉर्मरचा गोळाच तेवढा आहे. ट्वीटर नवीन बसवला. पहिल्या दिवशी फक्त तानपुरा लावून बसलो. मिरजेच्या तानपुऱ्याची जवारी ज्याने समोर बसून ऐकलीय त्याला कळेल मी काय म्हणतोय, आधी नुसती तार छेडल्याचा आवाज यायचा, आता त्या तारेतनं जो झणकार फुलत जातो, षड्जातनं गंधार दिसायला लागतो, तो घरात ऐकू आला आणि खरंच डोळे भरून आले. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांनी ज्या कोल्हापुरात गायकी रुजवली तिथल्या माणसाने घरी गाणं ऐकताना एवढी अपेक्षा तरी ठेवावी की नाही?

केबलचं थोडक्यात सांगतो. मीटरला हजारो रुपये घालू नका. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर चार मीटर ओढली तर जाऊन येऊन ०.०६ ओहमच्या आसपास रेझिस्टन्स येतो, घराला तेवढं बास. त्यापेक्षा खोलीकडे बघा, टाइल्सच्या फरशीवर आवाज लई घुमतो, मी खाली घोंगडं टाकलं आणि स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे घेतले तर खर्जातला घुमारा कुठल्या कुठे गेला. जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, टर्नटेबलच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजमधनं (सुई बसवलेल्या भागातनं) चार-पाच मिलिव्होल्टच येतात, म्हणून टर्नटेबल अँप्लिफायरच्या फोनो इनपुटलाच (तबकडीसाठीच्या वेगळ्या जोडणीला) जोडायचा, आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीला एलपीची सुई चालत नाही.

संपादकसाहेब, विनंती एवढीच आहे की पुरवणीत स्पीकरची किंमत छापताना शेजारी सेन्सिटिव्हिटी आणि मिनिमम ओहम हे दोन आकडेही छापा, आणि गिऱ्हाईकांना सांगा की जो अँप्लिफायर घरी न्यायचाय त्याच्यावरच तो स्पीकर दुकानात अर्धा तास तरी ऐकायला मागा, आपल्या ओळखीचं गाणं घेऊन जा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. दिवाळीच्या अंकाआधी हे छापून आलं तर लई उपकार होतील.

आपला,
एक नियमित वाचक
उद्यमनगर, कोल्हापूर