पोलिसांना पाठबळ ठाण्याच्या आतही हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पोलिसांच्या नोकरीतील ताणाविषयी लिहिताना बहुधा दंगली, अपघात आणि रात्रीची गस्त यांचाच उल्लेख होतो. तो ताण खोटा नाही; परंतु या खात्यात उमेदीची सारी वर्षे घालवल्यानंतर माझे ठाम मत असे आहे की, माणूस मनापासून नोकरी करतो की निवृत्तीकडे डोळे लावून बसतो, हे मोठ्या प्रमाणावर ठाण्याच्या चार भिंतींच्या आत ठरते.

कॅनडातील मक्रीअरी आणि थॉम्पसन या संशोधकांनी २००६ मध्ये पोलिसांच्या ताणाच्या मोजमापासाठी प्रत्येकी २० प्रश्नांच्या दोन वेगळ्या प्रश्नावल्या तयार केल्या. एक प्रत्यक्ष कामातील ताणाची, तर दुसरी खात्याच्या कारभारातून येणाऱ्या ताणाची. दुसरीत अपुरे मनुष्यबळ, प्रशासकीय कामांचा अतिरेक आणि माणूस पाहून बदलणारे नियम यांविषयी विचारले आहे. गुन्हेगाराशी गाठ पडणार हे भरती होतानाच ठाऊक असते. आपल्याच खात्याकडून उपेक्षा होईल, याची तयारी मात्र कोणी केलेली नसते.

संस्था आपल्या कामाची कदर करते का, आपल्या बऱ्यावाईटाची तिला काळजी आहे का, याविषयी कर्मचाऱ्याच्या मनात एक समजूत तयार होते, असे रॉबर्ट आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडले. शिपायाच्या दृष्टीने ही संस्था म्हणजे त्याचा थेट वरिष्ठ. अपघातात दगावलेल्या लहान मुलाचा पंचनामा करून, नातेवाइकांचा आक्रोश ऐकून हवालदार ठाण्यात परततो, तेव्हा ‘नोंदवही अपुरी का?’ हा पहिला प्रश्न त्याच्या कानी पडतो की ‘बसा, पाणी घ्या, पुढची ड्यूटी मी दुसऱ्याला देतो’ हे शब्द, यावर त्याचे पुढचे कित्येक महिने अवलंबून असतात. रजेचेही तेच. मनुष्यबळ कमी असल्याने रजा नाकारावी लागते, हे पोलिसाला समजते. अर्ज मेजावर पडून राहतो, कोणी कारण सांगत नाही आणि त्याच आठवड्यात मर्जीतल्या माणसाची रजा मंजूर होते, हे मात्र मनात घर करून राहते.

समुपदेशन केंद्र उघडले की काम झाले, असा समज दिसतो. तिथे गेल्याची नोंद सेवापुस्तकात जाईल, शस्त्र काढून घेतले जाईल, बढती अडेल, अशी भीती असेपर्यंत ज्याला खरी गरज आहे तो त्या दाराकडे फिरकणार नाही. म्हणून गोपनीयतेची लेखी हमी हवी आणि पहिला आधार म्हणून प्रशिक्षित सहकारी हवेत, कारण पोलीस पोलिसाशी मोकळेपणाने बोलतो. भीषण घटनेनंतर एकाच बैठकीत सर्वांना ती पुन्हा सांगायला लावणे संशोधनात उपयोगी ठरलेले नाही. नंतरच्या आठवड्यांत कोणाची झोप उडाली आहे, कोण चिडचिडा झाला आहे, याकडे लक्ष ठेवून त्याला वेळेवर तज्ज्ञांकडे पोचवणे अधिक हिताचे आहे.

हा प्रश्न केवळ पोलिसांच्या सुखाचा नाही. ज्याला वरिष्ठांकडून न्याय्य वागणूक मिळते, त्याची नागरिकांशी वागणूकही अधिक न्याय्य असण्याकडे कल असतो, असे या विषयावरील अभ्यासांतून दिसते. दिवसभर वरून अपमान सोसलेल्या माणसाकडून तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीचे शांतपणे ऐकून घेण्याची अपेक्षा किती ठेवायची?

यासाठी वरिष्ठांच्या वार्षिक मूल्यमापनात उघडकीस आलेल्या गुन्ह्यांबरोबर हाताखालच्या माणसांची स्थितीही पाहावी. त्यांचे मत निनावी घ्यावे, आणि एखाद्या ठाण्यातून आजारपणाच्या रजा व बदलीचे अर्ज वारंवार येत असतील, तर त्याची विचारणा अर्जदारांआधी तेथील प्रमुखाकडे व्हावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त पोलीस अधिकारी