दीक्षेच्या आधी प्रमोदला पत्र

प्रिय प्रमोद,

सप्रेम सलाम. वहिनींना आणि काकूंनाही सांग.

तुझ्या पाळकपदाच्या दीक्षेची तारीख ठरल्याचं वाचून आईने हातातलं काम टाकून तिथेच प्रार्थना केली. मी मात्र तुझ्या शेवटच्या ओळीपाशी अडकलो. उद्यापासून माझ्या शब्दाला वजन येईल, ते मला आवडायला लागलं तर काय करू, असं तू विचारलं आहेस. फोनवर उरकण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून रात्री निवांत लिहायला बसलो.

वजन येणारच आहे. माझ्या हाती कसली सत्ता, मी तर साधा सेवक, असं म्हणणाऱ्या पाळकाची मला जास्त धास्ती वाटते. इथे मुंबईत मिशनच्या शाळेत ख्रिस्ती म्हणून पोराचं नाव घालायचं तर बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकाचं पत्र लागतं. त्या पत्रासाठी वर्षभर देवळात न फिरकलेला बापही दारात उभा राहतो, आणि त्याला किती वेळ उभं करायचं हे पाळकच ठरवतो. लग्न, शिवडीच्या दफनभूमीतला विधी, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीत कोणाचं ऐकायचं, सगळीकडे तुझी सही किंवा तुझा होकार. आहे ते आहे म्हणून मान्य कर. मगच ते कोणाचं आहे हे विचारता येईल.

लूकच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवात तुला पाठ आहे. तिबिर्य कैसर, पंतय पिलात, हेरोद, फिलिप्प, लुसनिय, मग हन्ना आणि कयफा. राजवाडा आणि मंदिर, दोन्हीकडची मोठी नावं ओळीने येतात. आणि देवाचं वचन उतरतं रानात, योहानावर. तो जखऱ्या याजकाचा मुलगा. वडिलांच्या मागे मंदिरातल्या सेवेची वाट त्याला मोकळी होती. ती सोडून तो लोकांना बाप्तिस्मा देत नदीत उभा राहिला. त्याच्यासमोर जकातदार आले, शिपाई आले, आणि त्यांच्याच रांगेत येशू आला. पापी माणसांच्या रांगेत, नंबर लावून. मला या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं.

बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून तू माझा पुत्र, मला परमप्रिय, ही वाणी झाली तेव्हा येशूने एकही रोगी बरा केला नव्हता, एकही प्रवचन दिलं नव्हतं. कामाच्या आधीच पित्याचा संतोष मिळाला. लगेच पुढे अरण्य, आणि सैतान नेमका तिथेच बोट ठेवतो: तू देवाचा पुत्र असशील तर. दाखव, सिद्ध कर. आणि जगातली सगळी राज्यं पुढ्यात मांडतो. पाण्यात मिळालेलं नाव ज्याला पुरतं, तोच ही राज्यं नाकारू शकतो. प्रमोद, तुझ्या प्रश्नाचं माझ्याजवळचं उत्तर एवढंच आहे. सत्तेची चटक लागते ती त्या नावाचा विसर पडला की. मग लोकांच्या उठून उभं राहण्यातून, नमस्कारातून आपण ते पुन्हा पुन्हा मिळवू बघतो.

गेल्या महिन्यात बोरिवलीला ऑफिसातल्या एका मित्राच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. तो वसईकडचा कॅथलिक. पोर अजून मानही धरत नव्हती. पाणी ओतून झाल्यावर फादरनी तिच्या टाळूवर सुगंधी तेल लावलं, आणि ख्रिस्त याजक, संदेष्टा व राजा म्हणून अभिषिक्त झाला तशीच तूही त्याची, अशा अर्थाची प्रार्थना म्हटली. तेलाचा ओघळ कानामागे आला. आजीने तो पदराने टिपला, पण पुसून टाकला नाही, तिथेच जिरवला. आपल्याकडे प्रॉटेस्टंटांत तेलाचा हा विधी नाही, पण त्यातलं सत्य आपलंही आहे. हे राजेपण प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेल्याला मिळालं आहे. तुझ्या डोक्यावर हात ठेवतील तेव्हा त्याहून वरचं काही मिळणार नाही. तुझं पाचारण त्यांच्यातलंच आहे, त्यांच्यासाठी आहे.

शोमरोनातला जादूगार शिमोन आठव. बाप्तिस्मा झाला होता त्याचा, विश्वासही ठेवला होता. तरी पेत्र आणि योहान या प्रेषितांच्या हातांतलं सामर्थ्य पाहून ते विकत घ्यायला त्याने पैसे काढले. म्हणजे पाणी अंगावर पडलं की भूक मरते असं नाही. याकोब-योहान या शिष्यांनी येशूच्या वैभवात त्याच्या उजवी-डावीकडची जागा मागितली तेव्हा येशूने त्यांना उलट विचारलं, मी घेतो तो बाप्तिस्मा तुम्हाला घेता येईल का? ते येईल म्हणाले. पुढे मार्कच्या पंधराव्या अध्यायात वधस्तंभावरच्या येशूच्या उजवी-डावीकडे दोन लुटारू टांगलेले आहेत. मागितलेल्या जागा त्या अशा दिसतात.

टिळकांविषयी आपण कॉलेजात किती वाद घालायचो! कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली याच मुंबईत झाला. संसार दुभंगला, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांनी आल्या. हे सगळे सांगतात. मला मोठं वाटतं ते 1917 सालचं पाऊल. तब्येत साथ देत नसताना त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार उभा केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा. दोन वर्षांत, 1919 साली, मुंबईतच ते गेले. दरबार फार काळ टिकला नाही, असं तू तेव्हा म्हणायचास. खरं आहे. पण वीस-बावीस वर्षांत मिळालेलं वजन हातातून खाली ठेवता येणं, हे मला टिकण्याइतकंच मोलाचं वाटतं.

म्हणून एक मागणं. मंडळीचा हिशेब आणि जमिनीची कागदपत्रं पहिल्या वर्षी स्वतःकडे घेऊ नकोस. इथे एका मंडळीत जागेच्या वादावरून दोन गट प्रभुभोजनालाही वेगवेगळ्या बाकांवर बसतात, ते मी पाहतो आहे. आणि शाळेच्या पत्रासाठी कोणी आलं तर आधी खुर्ची दे, मग नाव विचार.

मी आदल्या रात्रीच्या गाडीने नगरला येतो, आईही येईन म्हणते. तिला जिना चढवत नाही, तेव्हा खालच्या खोलीत सोय होईल का ते कळव.

तुझा,
सुहास